सामान बाहेर, माणसं आत

आमच्या घरी सकाळ सव्वाचारला व्हायची, कारण बाबांनी ती तशी ठरवली होती. बाबा दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. म्हणजे टॉवरचा कुठला स्लॅब कुठल्या आठवड्यात पडणार, खिडक्या कधी बसणार, हे आडव्या रंगीत पट्ट्यांच्या चार्टमध्ये मांडायचं आणि मग तसं होत नाही म्हणून सगळ्यांवर चिडायचं, असं ते काम. ही सवय ते शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्येही घेऊन आले होते. फ्रिजवर आठवड्याचा चार्ट लावलेला असे. माझी फिजिक्सची शिकवणी हिरवी, धाकट्या सायलीचा नाच गुलाबी, गॅसचा सिलिंडर पिवळा. आई कुठल्याच रंगात नसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मी तो कागद आहे.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने पाठ आहेत. आधी बाबांच्या गजराचा आवाज, मग कोपऱ्यावरच्या मशिदीतली अजान, मग कुकरची पहिली शिट्टी, मग डब्याच्या झाकणाचा खटका, आणि शेवटी दारात उभं राहून बाबांनी स्वतःलाच म्हटलेलं ‘यल्ला’, म्हणजे चला. पाचच्या आत शारजा सोडलं नाही तर दुबईच्या खाडीवरचा पूल ओलांडायला दीड तास लागतो, हे ते एखाद्या शास्त्रीय सत्यासारखं सांगायचे. संध्याकाळी परत आले की साइटवरचे जड बूट दाराबाहेर वर्तमानपत्रावर काढायचे. आई ते बूट एकमेकांवर धपाधपा आपटून आतली रेती झाडायची. या कामात तिने एवढं प्रावीण्य मिळवलं होतं की नुसत्या पुडीवरून तिला साइटची खबर लागायची. तांबूस रेती असली की म्हणायची, आज खोदकाम वाटतं. पांढरी पूड असली की म्हणायची, प्लास्टर सुरू झालं. बाबांना याचा अभिमान होता. आमच्या साइट मॅनेजरपेक्षा हिचा रिपोर्ट बरा, असं ते पाहुण्यांना सांगायचे.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. हे सगळं मी खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलंय. (बायको म्हणते, बत्तिशीत आत्मचरित्र लिहिणारा माणूस पन्नाशीत काय लिहिणार. मी म्हणतो, पन्नाशीपर्यंत मूर्खपणा आणखी साठेल.) बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला, जेव्हा दुबईत रोज एक नवी क्रेन उगवत होती आणि बाबांची कंपनी बोनस वाटत होती, तेव्हा त्यांनी एक दिवस गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक आणलं. कॅरिबियन क्रूझ. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळात खुपसलेली स्ट्रॉ. बाबा म्हणाले, विचार करतोय. त्यांनी ‘विचार’ म्हटलं आणि मी दुसऱ्या दिवशी वर्गात ‘तिकीट’ म्हटलं. महिन्याभरात बाबांचा विचार आटोपला. विमानाचं भाडं, अमेरिकेचा व्हिसा, एवढी रजा. त्याऐवजी दुबईहून सुटणारी पाच दिवसांची क्रूझ ठरली: खसब, मस्कत, फुजैरा आणि परत दुबई. पाणी तेच आणि मीठही तेवढंच, असं बाबांनी समजावलं. वर्गात मात्र मी कॅरिबियनच चालू ठेवलं. अख्ख्या क्रूझभर मी फक्त पाण्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले, डोंगर आला की कॅमेरा खाली. पुढे एका वर्गमित्राने एका फोटोत माझ्या कानामागून डोकावणारी टगबोट शोधली. तिच्यावर ठसठशीत अरबी अक्षरं होती.

पण क्रूझ येईपर्यंत २००८ची मंदी येऊन ठेपली होती. आम्हा मुलांना ती आधी सुपरमार्केटच्या नोटीस बोर्डावर दिसली. तिथे पूर्वी शिकवण्यांच्या जाहिराती असायच्या. आता सोफा विकणे, कपाट विकणे, माशांसकट फिशटँक विकणे, कुटुंब परत जात आहे. दर शुक्रवारी कुणाकडे तरी निरोपाचं जेवण असायचं आणि दर जेवणात तोच श्रीखंडाचा डबा आणि तीच वाक्यं. खिडकीतून दिसणाऱ्या तीन क्रेन एकाच दिशेला तोंड करून थांबल्या होत्या. आईने एकदा विचारलं, क्रूझ रद्द करायची का. बाबा म्हणाले, पैसे भरलेत, परत मिळत नाहीत. त्यावर तिने संक्रांतीला अवकाश असूनही गुळपोळ्या करायला घेतल्या, कारण त्या टिकतात. बोटीवर बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ नयेत असा नियम होता. नियम मांसमच्छीसाठी असतो, असं तिने ठरवलं.

बोटीवर लोक ज्या कारणासाठी जातात ते आमच्या कुटुंबाला चार दिवस कळलंच नाही. बाकीची माणसं खुर्च्यांवर मेणासारखी वितळून पडलेली असायची आणि आम्ही चौघं त्यांच्यामधून रांगेने कुठेतरी वेळेत पोहोचायला निघालेले असायचो. बाबांनी चार्ट लॅमिनेट करून आणला होता. सात वाजता नाश्ता, सात चाळीसला डेकवर चालणं, साडेआठला लायब्ररी. लायब्ररीत तर एका म्हाताऱ्या जर्मन बाईंशिवाय कुणी नसायचं. त्या आम्हाला बघून घड्याळ लावू लागल्या होत्या. आई बोटीवरच्या कॉफीची किंमत डॉलरमधून दिरहममध्ये आणि दिरहममधून रुपयांत मोठ्याने नेऊन पोचवायची आणि मग कॉफी न घेता परत यायची. सायली नऊ वर्षांची होती. ती फक्त एवढंच म्हणायची, ‘बाबा, कॅन वी प्लीज जस्ट सिट?’

चार्टच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: सामान बाहेर, जबाबदारी अनिकेत. क्रूझच्या शेवटच्या संध्याकाळी जेवण झालं की मोठ्या बॅगांना रंगीत पट्ट्या बांधून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. बोटीची माणसं त्या उचलून खाली नेतात आणि दुसऱ्या दिवशी त्या बंदरावरच भेटतात. सकाळी लागेल तेवढं एका छोट्या पिशवीत जवळ ठेवायचं. जेवून आल्यावर सगळ्यांनी रात्रीचे कपडे घातले, आणि आईने चौघांचे सकाळचे कपडे घडी करून सोफ्यावर ठेवले, शेजारी छोटी पिशवी ठेवली आणि ती दात घासायला गेली. मी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर कपडे राहिलेले. आता सांगा, जबाबदार माणूस काय करील? मी ते सगळे मोठ्या बॅगेत कोंबले. बूटचपला कोंबल्या. रिकामी पिशवी उरली. आमच्या घरात रिकामी पिशवी कधी एकटी राहत नाही. पिशवीत पिशवी, त्या पिशवीत आणखी पिशवी, ही आमची खानदानी रीत. तीही घडी करून बॅगेच्या कोपऱ्यात सरकवली. चारही बॅगा बाहेर ठेवल्या आणि चार्टवर बरोबरची खूण केली.

सकाळी आईचा आवाज आला तो अगदी शांत होता. त्यावरूनच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. तिने विचारलं, अनू, सोफ्यावरचं काय केलंस? बाबा तोवर दार उघडून लांबलचक मोकळ्या कॉरिडॉरकडे बघत होते. आमच्या केबिनची देखभाल करणारा आग्नेल नावाचा गोव्याचा पोरगेला माणूस होता. तो म्हणाला, बाब, बॅगो सगळ्यो खाली गेल्यो, आता बंदरार लागल्याबगर कोण उगडचो ना. तेव्हा आमची परिस्थिती अशी होती: बाबा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात आणि बनियनमध्ये. दारामागे टांगलेला त्यांचा ब्लेझर मी विसरलो होतो म्हणून वाचला होता, तो त्यांनी वर चढवला. आई गाऊनमध्ये. तिच्या पर्समध्ये पासपोर्ट, औषधं, गुळपोळ्या आणि एसीसाठी ठेवलेली शाल होती. शाल पांघरून बसल्यावर ती सत्काराला आल्यासारखी दिसायला लागली. सायलीच्या नाइटसूटवर परीचं चित्र होतं आणि ती खूश होती. माझ्या टी-शर्टबद्दल एवढंच सांगतो की पुढून तो बरा होता.

एवढ्यात बोट थांबली. आधी कळलं नाही. पाच दिवस पायाखाली जी बारीक घरघर होती ती मंदावत मंदावत नाहीशी झाली आणि मग साखळी सुटल्याचा लांबलचक खडखडाट आला. बाहेर धुकं होतं. हिवाळ्यात दुबईला असं धुकं पडतं की हात लांब केला तर आपलीच बोटं अनोळखी वाटतात. घोषणा झाली की बंदर बंद आहे, बोट बाहेरच नांगर टाकून थांबेल, किती वेळ ते सांगता येत नाही, प्रवाशांनी केबिनमध्येच थांबलं तरी चालेल. मग दर दोन मिनिटांनी भोंगा सुरू झाला. म्हशीने गोठ्यातून हाक मारावी तसा.

नाश्त्याच्या हॉलमध्ये पायजम्यात जायला बाबा तयार नव्हते. आग्नेलने चहा आणि टोस्ट आणून दिला. बाबा पलंगाच्या कडेवर ब्लेझर घालून ताठ बसले होते, जणू मुलाखत आहे आणि घेणारे यायचेत. हातात चार्ट. साडेसातचा चौकोन गेला, आठचा गेला, पावणेनऊचा गेला. मी भिंतीला चिकटून उभा होतो, ओरडा खायच्या तयारीत. ओरडा येत नव्हता, आणि ते फार वाईट होतं. शेवटी बाबांनी चार्ट उशीखाली ठेवला. आईने पर्समधून फॉइल काढलं, एका गुळपोळीवर छोट्या डबीतलं तूप घातलं आणि त्यांच्या हातात दिली. ती अर्धी झाली असेल तेव्हा आई सहज, पोळी खुसखुशीत झाली नाही असं म्हणावं त्या सुरात म्हणाली,

“अहो, तीन आठवडे बुटांत रेती नाही.”

बाबांनी घास गिळला. म्हणाले, साइट फिनिशिंगला आली आहे.

“फिनिशिंगला पांढरी पूड असते,” आई म्हणाली.

भोंगा वाजला. मग बाबांनी उरलेली पोळी रुमालावर ठेवली आणि म्हणाले, “काढलं.” एवढा एकच शब्द. सायलीच्या शाळेच्या अ‍ॅन्युअल डेच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने बाबांसकट अकरा जणांना एकदम बोलावलं होतं. त्यांच्यासोबत बाबांचा चार्ट घेऊन काम करणारी सगळी माणसं गेली होती. नोटीसचा काळ चालू होता, पण ऑफिसात बसायला जागाच नव्हती. आईने विचारलं, मग रोज पहाटे उठून कुठे जात होतात. ते म्हणाले, उम्म अल कुवैनला, म्हणजे दुबईच्या बरोबर उलट दिशेला. तिथे खाडीकाठी गाडी लावायची, दुपारपर्यंत फोन करायचे, अर्ज भरायचे, डबा खायचा, पाचला निघायचं.

“रोज?”

“शुक्रवारी सुट्टी.”

मी हसलो. खरंच हसलो, आणि लगेच जीभ चावली. नोकरी गेलेला माणूस साप्ताहिक सुट्टी पाळत होता. पण आईही ओठ दाबून बसली होती, आणि बाबांनाही ते बोलल्यावर कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

मग त्यांनी ब्लेझरच्या आतल्या खिशातून दुसरा कागद काढला. तोही चार्टच होता. वर महिने आणि खाली चार रंग. आई आणि सायलीची पट्टी जानेवारीअखेर चिंचवडला, आजोबांकडे. माझी पट्टी बोर्डाच्या परीक्षेपर्यंत शारजात, बाबांच्या एका मित्राच्या घरी, आणि मग तीही चिंचवडला. बाबांची निळी पट्टी रास अल खोरकडे कुठेतरी, सहा जणांच्या खोलीत एक कॉट घेऊन, आणि तिला शेवट दाखवलेला नव्हता. मी आयुष्यात त्यांच्या चार्टमध्ये शेवट नसलेली पट्टी पाहिली नव्हती. मला तोवर वाटत होतं की आजच्या दिवसातली सर्वांत मोठी भानगड म्हणजे माझ्या हातून गेलेली पिशवी.

आईने तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, हे छापलंत कुठे? बाबा म्हणाले, टायपिंग सेंटरमध्ये. “म्हणजे त्या टायपिंगवाल्याला माझ्या आधी कळलं,” ती म्हणाली. त्या सकाळी तिचा आवाज एकदाच हलला, तो या वाक्याला. तिने तुपाची डबी कागदावर ठेवली. डबीच्या बुडाचं तूप हळूहळू पसरत गेलं आणि फेब्रुवारी-मार्च पारदर्शक झाले.

सायलीने विचारलं, ‘सो आर वी पुअर नाऊ?’ बाबा म्हणाले, थोडेसे. ती म्हणाली, ‘ओके,’ आणि टोस्ट उचलला. मला वाटलं, आता आपलीही काही जबाबदारी आहे. मी छाती पुढे काढून जाहीर केलं की मी परीक्षा देत नाही, सुपरमार्केटमध्ये नोकरी धरतो, घराला हातभार लावतो. हे बोलताना मला स्वतःचाच गहिवर आला होता. आई म्हणाली, “आधी सामान नीट भरायला शीक.”

मग ती बाबांकडे वळली. तिने विचारलं, तीन आठवडे एकटं राहायची प्रॅक्टिस केलीत ना, कसं वाटलं? बाबांनी नीट विचार केला. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाचा चेहरा विचार करताना कसा होतो ते मला तेव्हा जवळून दिसलं. ते म्हणाले, “डबा गार व्हायचा.”

पुढचं आईने चार्टशिवाय ठरवलं. अनूची परीक्षा होईपर्यंत कुणी कुठे जाणार नाही. त्यानंतरही कोण कुठे जाणार ते चौघं एका खोलीत बसून ठरवू. शारजाचं घर सोडू, लहान बघू. एवढे दिवस उम्म अल कुवैनला जात होतात, तिथे घरांची भाडी विचारलीत का? बाबा खाली बघून म्हणाले, विचारली. एक घर बघितलंही होतं. एका लाँड्रीच्या वर, एक बेडरूम, मागच्या खिडकीतून खाडी दिसते. आईने विचारलं, मग ते या कागदावर का नाही? बाबा म्हणाले, “तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं.”

आईने अर्धी राहिलेली पोळी रुमालावरून उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. भोंगा वाजत राहिला. बाहेर काही दिसत नव्हतं, करायला काही नव्हतं, घालायलाही काही नव्हतं. मग आम्ही त्या छोट्या केबिनमध्ये चौघं आडवेतिडवे पडलो, सायली बाबांच्या पोटावर डोकं ठेवून. असे आम्ही पूर्वी कधी पडलो असलो तर मला आठवत नाही. गप्पा झाल्या. बाबांनी खाडीवरच्या फ्लेमिंगोंची हकीकत सांगितली. तीन आठवड्यांत त्यांनी ते मोजायला सुरुवात केली होती आणि आकडा रोज चुकायचा. मला मध्येच डुलकी लागली.

त्या लाँड्रीवरच्या घरात आम्ही सव्वा वर्ष राहिलो. जमीन इस्त्रीच्या वाफेने कायम कोमट असायची आणि सगळ्या भाज्यांना स्टार्चचा वास यायचा. कंपनीतल्या एका भल्या माणसाने बाबांचा व्हिसा रद्द करायची कागदपत्रं परीक्षा होईपर्यंत टेबलावर रेंगाळू दिली. नंतरचे काही महिने आम्ही व्हिजिट व्हिसावर जीव मुठीत धरून काढले. बाबांना शेवटी हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी शेड बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं, हुद्दा आधीपेक्षा दोन पायऱ्या खाली. बुटांत लोखंडाचा कीस यायला लागला. आईने तो पहिल्यांदा झाडला त्या दिवशी शिरा केला. मला फिजिक्समध्ये किती मिळाले ते इथे सांगायचं कारण नाही. आज मी लॉजिस्टिक्समध्ये आहे, म्हणजे लोकांचं सामान एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नीट पोचवायचा पगार घेतो. नोकरीच्या मुलाखतीत क्रूझचा अनुभव सांगितला नाही.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. दुपारी धुकं उठलं आणि बोट अगदी पायी चालल्यासारखी बंदरात शिरली. आम्हाला एका मोठ्या लाउंजमध्ये बसवलं होतं, छान कपडे घातलेल्या शेकडो लोकांमध्ये. उतरायची घोषणा झाली तशी सगळे उठले. विमान पूर्ण थांबायच्या आत पट्टा सोडून उभे राहणारे माझे बाबा मात्र बसून राहिले. मी आणि सायली काचेतून दोरखंड बांधताना बघायला गेलो, परत आलो, तरी ते आणि आई तिथेच. लोक गेले. दिवे अर्धे झाले. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन सफाईवाला आला, बाबांनी पाय उचलले, त्याने खालून मशीन फिरवलं, बाबांनी पाय ठेवले. आम्ही अख्ख्या बोटीतून शेवटचे उतरलो.

हा प्रसंग मी पुढे कितीतरी वेळा सांगितला. माणूस एका सकाळीत कसा बदलतो, धावणारा कसा थांबायला शिकतो, वगैरे. दोन वर्षांपूर्वी चिंचवडला बाबांची एकसष्टी झाली, तेव्हा तर मी माईकवरून सांगितला. आत्याने डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर घरी जेवायला बसलो तेव्हा बाबा मला हळूच म्हणाले, “चांगलं बोललास. पण तसं काही नव्हतं रे. पायजम्याची नाडी तुटली होती. एवढ्या लोकांत उठणार कसा?”

मी वाढलेल्या जिलबीकडे बघत राहिलो. बारा-तेरा वर्षांचा माझा हुकमी किस्सा एका नाडीवर गेला होता. आई मठ्ठा वाढत होती. तिने बाबांची वाटी भरली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “नाडीला मी केबिनमध्येच सेफ्टीपिन लावून दिली होती.”

बाबांनी वाटी उचलली आणि बराच वेळ मठ्ठा पीत राहिले.